दगडाचा ठावठिकाणा

महाराष्ट्राच्या देशावर एखादा दगड वेगळा आहे असे कोणी म्हटले, तर तो कशापेक्षा वेगळा, हे विचारावे लागत नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग एकाच काळ्या खडकाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर येत राहिला, थरावर थर पसरत गेला, आणि सह्याद्रीच्या काही भागांत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घराचा पाया, विहिरीची कड, जाते, पाटा-वरवंटा, देवळाची पायरी आणि बांधावरचा धोंडा ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली आहेत. आपण सगळे याच काळ्या दगडावर वाढलो, त्यामुळे त्याच्याहून निराळे काही पायाखाली आले की ते ओळखायला शिक्षण लागत नाही. शिक्षण लागते ते त्यापुढच्या प्रश्नाला, म्हणजे हे निराळे आहे तरी काय, याला.

काळ्या रानात दिसणारे पांढरे, निळसर, तांबूस दगड बहुतेक वेळा परके नसतात. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजे आणून भरली. विहिरी खोदणारे लोक अशा ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेभोर कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या पोकळ्यांतून निघालेले इतके देखणे स्फटिक मांडलेले आहेत की आपल्या विहिरीच्या दगडात हे असते यावर विश्वास बसायला वेळ लागतो. काळा खडक कालांतराने कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पण त्याच्या पोटातली गारगोटी त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट, त्यामुळे ती मातीत जशीच्या तशी मागे उरते. काळ्या जमिनीत नांगरामागे गारगोट्या निघतात त्या अशा.

माझ्या मामांचे शेत नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या अलीकडे आहे. ऊस तुटून गेल्यावर त्यांनी रानाला रोटा मारला तेव्हा एका ढेकळातून एक दगड निघाला, तो त्यांनी धुऊन खिडकीत ठेवला आणि मी गेले तेव्हा चहाच्या आधी माझ्या हातात दिला. "बघ गं, हे आपल्या रानातलं वाटत नाही," एवढेच ते म्हणाले. दगड बोटाच्या दोन पेरांएवढा लांब आणि अंगठ्याएवढा जाड होता. रंग दुधट, त्यात निळसर झाक. खिडकीच्या उजेडासमोर धरल्यावर त्याच्या कडांतून पिवळसर प्रकाश येत होता. एक टोक सपाट, दुसरे निमुळते, आणि सपाट टोकापासून निमुळत्या टोकापर्यंत त्याच्या अंगावर शेवग्याच्या शेंगेवर असतात तशा उभ्या कडा आणि त्यांच्यामध्ये उथळ पन्हाळी. एका बाजूला मात्र मूळचे खरबरीत, हिरवट-करडे साल शाबूत होते.

घरात त्यावर बराच खल झालेला होता. मामींना ती एखाद्या जुन्या जनावराची दाढ वाटत होती. शेजारच्या आबांनी ठामपणे उल्का म्हणून सांगितले होते. मामेभावाच्या मते तो स्फटिक होता आणि त्याला बाजारात भाव होता. शाळेत जाणाऱ्या भाचीने जीवाश्म म्हटले होते. मला यातल्या एकाही तर्कावर हसावेसे वाटले नाही, कारण प्रत्येक तर्कामागे काही तरी पाहिलेले होते: दाढेमागे त्या उभ्या कडा होत्या, स्फटिकामागे अर्धपारदर्शकपणा होता, जीवाश्मामागे आकाराचा नेमकेपणा होता. दगड ओळखण्याची सुरुवात अशीच होते. चांगली ओळख म्हणजे यातला प्रत्येक तर्क समोर ठेवून तो खरा असता तर या दगडात आणखी काय दिसले असते, हे एकेक करून तपासणे.

उल्केचा तर्क सगळ्यांत आधी बाजूला ठेवता आला. आपल्याकडे उल्का पडतच नाहीत असे नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ भरदिवसा उल्कांचे तुकडे पडले आणि लोकांनी ते गोळा केले. पण वातावरणातून येताना उल्केचा पृष्ठभाग वितळतो आणि तिच्या अंगावर काळपट, पातळ कवच तयार होते. आतून प्रकाश तर जाऊच शकत नाही. बहुतेक उल्कांमध्ये लोह-निकेलचे कण असतात, म्हणून त्या आकाराच्या मानाने जड लागतात आणि चुंबकाला ओढतात. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चुंबकाची कसोटी पुस्तकांत फार सोपी वाटते, पण ती आपल्या मुलखात दगा देते, कारण साध्या काळ्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि दोऱ्याला टांगलेला जोरकस चुंबक त्याच्याकडेही वळतो. देशावर चुंबकाला ओढणाऱ्या दगडाला उल्का म्हणायचे ठरवले तर निम्मे बांध उल्कांचे निघतील. जुन्या लोहारकामाच्या जागी सापडणारी लोखंडाची कीट, जिला वैद्य मंडूर म्हणतात, तीही जड आणि काळी असते. मात्र तिच्यात बुडबुड्यांची भोके असतात आणि उल्केत ती सहसा नसतात. मामांच्या दगडाकडे चुंबक जराही वळला नाही.

जीवाश्माचा तर्क अधिक विचार करण्याजोगा होता. महाराष्ट्रात जीवाश्म आहेत, आणि मोलाचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे मिळालेली आहेत, सिरोंच्याजवळ वडधमला दगड झालेली झाडांची खोडे आहेत, नागपूरच्या परिसरात दोन लाव्हा-थरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. पण यातले प्रत्येक ठिकाण एकतर लाव्हाच्या आधीचे आहे किंवा दोन लाव्हा-थरांच्या मधल्या शांत काळातले. वितळलेल्या खडकात जीव जगत नाही आणि जतनही होत नाही. नेवाशाच्या रानाखाली बेसॉल्ट आणि त्यावर नद्यांनी आणलेला गाळ आहे. त्या गाळात जुन्या प्राण्यांची हाडे आणि दात मिळू शकतात, गोदावरी-प्रवरेच्या काठी ती मिळालेलीही आहेत; म्हणून मामींची दाढ अशक्य कोटीतली नव्हती. परंतु दाताला दंतवल्काचा आणि आतल्या भागाचा वेगवेगळा पोत असतो, मुळाशी पोकळी असते. इथे भिंगाखाली सगळीकडे एकच घट्ट, मेणचट चकाकीचा, कण न दिसणारा दगड होता.

राहिला स्फटिक. कठीणपणा तपासण्याची फ्रीडरिक मोस यांची पट्टी १८१२ सालची आहे आणि आजही घरगुती तपासणीसाठी तिच्याइतके उपयोगी काही नाही. तिच्यात कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर, बहुतेक झिओलाइट साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान, काच साधारण साडेपाचला आणि क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. नखाने न ओरखडणारा पण चाकूने सहज ओरखडणारा पांढरा दगड असेल, तर तो बहुधा कॅल्साइट. त्याच्या थोड्याशा भुकटीवर व्हिनेगर टाकले की बारीक फेस येतो. चाकूचे पाते ज्याच्यावर घसरते आणि पात्याचीच राखाडी रेघ मागे ठेवते, तो क्वार्ट्झच्या घराण्यातला. मामांच्या दगडाच्या सालाकडच्या, आधीच खरवडलेल्या कोपऱ्यावर चाकूचे टोक फिरवले तेव्हा लोखंडाची रेघ उमटली आणि बोटाने पुसताच गेली. खाली चरा नव्हता. घरातल्या छोट्या काट्यावर त्याचे वजन करून आणि दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून पाहिले, तर तो त्याच आकारमानाच्या पाण्याच्या अडीचपटीहून थोडा अधिक जड भरला, म्हणजे क्वार्ट्झच्या जवळपास. बेसॉल्ट असता तर तो तिपटीकडे झुकला असता. अर्धपारदर्शक, मेणचट, कण न दिसणारा आणि क्वार्ट्झइतका कठीण: ही कॅल्सेडनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली गारगोटी. हिरवट सालही त्याच्याशी जुळत होते, कारण पोकळीच्या भिंतीला आधी हिरव्या खनिजाचा लेप बसतो आणि मग आत सिलिका भरते.

एवढ्यावर खनिजाची ओळख पुरी झाली होती, आणि अनेकदा माणसे इथेच थांबतात. पण ज्या गोष्टीमुळे मामांनी तो दगड खिशात घातला, त्या उभ्या कडांचे उत्तर अजून मिळालेले नव्हते. क्वार्ट्झचा मोठा स्फटिक सहा बाजूंचा असतो, शेजारच्या बाजूंमधला कोन नेहमी १२० अंशांचा असतो, बाजू सपाट असतात आणि त्यांच्यावर आडव्या बारीक रेषा असतात. कॅल्सेडनीचे स्फटिक तर इतके सूक्ष्म असतात की ती असे बाह्य आकार घेतच नाही. ती पोकळीचा आकार घेते, म्हणून गारगोट्या गोल, बदामी किंवा द्राक्षघोसाच्या पृष्ठभागाच्या असतात. शेंगेसारखी कडांची कॅल्सेडनी निसर्गात आपोआप तयार होत नाही.

मग मी तो दगड खिडकीत आडव्या उजेडात धरला. दगड पाहताना वरून पडणारा उजेड काही सांगत नाही. बाजूने येणारा तिरपा उजेड सगळे सांगतो. प्रत्येक पन्हाळ सपाट नव्हती, किंचित आत दबलेली होती. प्रत्येकीचा उगम वरच्या सपाट टोकाच्या कडेशी होता, तिथे एक इवलासा खळगा होता, आणि त्या खळग्यापासून खाली जाणाऱ्या अगदी पुसट, कमानदार लाटा होत्या, ज्यांच्या कमानीचा फुगवटा खालच्या टोकाकडे होता. काच, गारगोटी, चकमक असे कणहीन दगड ठोकल्यावर किंवा दाबल्यावर असेच फुटतात; जोर जिथे लागला तिथून लाटा पसरतात आणि त्यांची दिशा दगडात कायमची उमटून राहते. एक-दोन असे ओरखडे तर नांगरानेही होतील. पण एकाच सपाट बाजूवरून, एकाच दिशेने, एकमेकींना समांतर अशा पन्हाळी एकामागून एक निघालेल्या असतील, आणि प्रत्येक नवी पन्हाळ आधीच्या दोन कडांच्या आधाराने सरळ गेलेली असेल, तर ते काम हेतू असलेल्या हाताचे आहे.

हा दगड वस्तू म्हणून घडवलेला नव्हता. वस्तू काढून घेतल्यावर मागे उरलेला तो गाभा होता. पुरातत्त्वात त्याला गाभाच म्हणतात. त्याच्यावरून बारीक, लांब, दोन्ही कडा समांतर असलेली पाती सोलून काढली जात. त्यासाठी आधी योग्य गारगोटी निवडायची, तिचे साल उडवायचे, एका अंगाला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून छोटे छिलके काढून एक सरळ धार उभी करायची आणि वरचे टोक सपाट करून घ्यायचे. मग त्या टोकावर नेमक्या जागी दाब देऊन पहिले पाते काढायचे, जे ती धार सोबत घेऊन निघते आणि मागे दोन सरळ कडा ठेवून जाते. त्या दोन कडा पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. अशी पाती एकेकटी वापरली जात, किंवा लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवून त्यांचा विळा होई. पात्याची धार बोथट झाली की तेवढाच तुकडा बदलायचा. धातू महाग आणि दुर्मीळ असताना शेतकऱ्याने काढलेला हा तोडगा आहे, आणि मला तो लोखंडाच्या विळ्याइतकाच आदराचा वाटतो.

मामांच्या दगडात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते एका पन्हाळीने. बाकीच्या सगळ्या खालच्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या. ही मात्र मध्यावर येऊन एकदम थबकली होती आणि तिथे आडवी, पायरीसारखी कड तयार झाली होती. दाब थोडा कमी पडला, किंवा कोन जरा चुकला, किंवा दगडाच्या आत एखादी शीर आडवी आली, की पाते मध्येच मोडते आणि पायरी मागे राहते. त्यानंतर त्या अंगावरून सरळ पाते निघणे अवघड. गाभा अजून अंगठ्याएवढा जाड असताना टाकून का दिला, याचे उत्तर त्या पायरीत होते. मामांनी तिच्यावर नख फिरवून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे इथं त्याचा हात चुकला." मग थोडा वेळ गेल्यावर म्हणाले, "का दगडच खोटा निघाला?" दोन्ही शक्य होते, आणि मी तसे सांगितले.

जमिनीवरचा दगड माणसाच्या हातचा आहे हे ओळखण्यातून आपल्या देशातल्या प्रागितिहासाच्या अभ्यासाची सुरुवात झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे खडीच्या खड्ड्यात क्वार्टझाइटची हातकुऱ्हाड मिळाली. फूट यांचा धंदा खडकांचा होता, आणि मला वाटते म्हणूनच त्यांना ती दिसली. कारण दगड आपणहून कसा फुटतो हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्यालाच तो आपणहून असा फुटणार नाही हे कळते. आपल्या भागात प्रवरेच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या थरांतून त्याच जातीची, पण आपल्या काळ्या खडकाची जडशीळ हत्यारे निघाली. ह. धी. संकलिया आणि डेक्कन कॉलेजमधले त्यांचे सहकारी यांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ जोर्वे येथे आणि १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. पुढे शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीच्या काठी वर्षानुवर्षे खोदकाम झाले. तांबे वापरणाऱ्या पण अजून दगडाची पाती सोडून न दिलेल्या, साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गावे त्यातून समोर आली. त्यांच्या वस्त्यांत तांब्याच्या वस्तू मोजक्या आणि गारगोटीची पाती मात्र भरपूर सापडतात. मामांचे शेत या सगळ्याच्या मधोमध आहे.

पण एवढ्याने तो गाभा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा ठरत नाही. गारगोटीची बारीक पाती काढण्याची कला त्याच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशात होती. चाळीसगावजवळच्या पाटण्याला तिचा पुरावा अश्मयुगाच्या उत्तर टप्प्यापासून मिळतो. केवळ दगड पाहून, तो कितीही भिंगाखाली धरला तरी, त्याचे शतक सांगता येत नाही. त्यासाठी तो कुठे पडला होता आणि त्याच्या शेजारी काय होते, हे हवे. मोबाइलवर दगडाचा फोटो पाठवून ओळख विचारणाऱ्यांना मला हीच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. फोटोत वजन नसते, कठीणपणा नसतो, पण त्याहून मोठी उणीव ही की त्यात जागा नसते.

म्हणून आम्ही रानात गेलो. मामांना ढेकूळ फुटले ती जागा चांगली आठवत होती, उसाच्या पाटाच्या टोकाशी. रान बारकाईने पाहिल्यावर गारगोटीचे आणखी छिलके मिळाले, आणि ते निवडताना सावध राहावे लागले. ताज्या मोडीची कड चकचकीत असते आणि तिचा रंग आतल्या दगडासारखा असतो. ती फाळाने झालेली. जुन्या मोडीवर पांढुरका, मंद थर चढलेला असतो. पाचट पेटवून दिले की वरच्या गारगोट्या तापतात आणि त्यांच्या अंगावरून वाटोळ्या चकत्या उडतात. त्या खळग्यांना ठोक लागलेली जागा नसते. काडेपेट्या यायच्या आधी घरोघरी चकमकीसाठी गारगोटी वापरत, तिची कड सगळीकडून ठेचलेली असते. हे सगळे वेगळे काढल्यावर जे उरले त्यात एक मोडके पाते होते, नखाच्या रुंदीचे, दोन्ही कडा समांतर. आणि खापऱ्या होत्या. बहुतेक अलीकडच्या, पण काही पातळ, तांबड्या, त्यांच्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. एका खापरीवर दुसरी टिचकावली तर खणखणीत वाजली. जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या त्या शेतकऱ्यांची, भांडी अशीच भाजलेली आणि अशीच रंगवलेली असतात.

मला वाटले, झाले, जागा सापडली. तेवढ्यात मामा बांधापलीकडे बघत म्हणाले, "पण ही माती आपल्या रानातली नाही. दादांनी पांढरीची माती आणून टाकली होती इथं. बैलगाड्या नाही, ट्रॅक्टरनं."

काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा, हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, चुली पेटल्या, गुरे बांधली, भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या, तिथली माती राखेने आणि चुन्याने पांढुरकी होते. ती पिकाला मानवते, म्हणून जुन्या टेकाडांची माती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खणून रानात टाकत आले आहेत. घरेही तिच्याच भिंतींची असत. नदीकाठची कितीतरी जुनी गावे अशी ट्रॉली-ट्रॉलीने शेतांत पसरली गेली. त्यात शेतकऱ्याचा दोष मला दिसत नाही; त्याच्या हातात जे खत होते ते त्याने वापरले. पण त्यामुळे मामांच्या शेतातल्या त्या दगडाला दोन जागा मिळाल्या होत्या, एक जिथे तो सापडला ती आणि एक जिथून तो आला ती, आणि त्याची खरी माहिती दुसऱ्या जागेत होती.

पांढरीची ती जागा गावाच्या जुन्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथे आहे. आता तिचा निम्म्याहून कमी भाग शिल्लक आहे. माती काढून उभ्या राहिलेल्या कडेवर थर स्पष्ट दिसतात: राखेची करडी पट्टी, तिच्याखाली चोपलेली पिवळसर जमीन, मग पुन्हा राख. त्या कडेतून आम्ही काहीही ओढून काढले नाही. कडेतली खापरी आपल्या थरात असते आणि तिच्या वरचे-खालचे काय हे तिला चिकटलेले असते. ती उपसून खिशात घातली की ते सगळे तिथेच गळून पडते. नांगरलेल्या रानातल्या वस्तूंची जागा आधीच हललेली असते, त्या उचलल्याने फार बिघडत नाही. हा भेद मला दगड ओळखण्याच्या सगळ्या कसोट्यांपेक्षा मोठा वाटतो.

पुण्यात पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका बाईंना मी तो गाभा, पाते आणि खापऱ्या नेऊन दाखवल्या. त्यांनी गाभा बोटांत एकदा फिरवला आणि त्याच्याविषयी एक वाक्य बोलल्या: ताम्रपाषाणयुगीन असण्याची शक्यता दाट, दाबतंत्राने काढलेली पाती, पायरी पडल्यावर सोडलेला. मग त्यांचे सगळे प्रश्न जागेचे होते. गट नंबर काय, पाटाच्या कोणत्या बाजूला, माती कधी आणि कोणत्या कोपऱ्यातून आणली, टेकाडाची कड नदीपासून किती, कडेत हाडे दिसतात का, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली कोणी पाहिली आहेत का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी फोनवर मामांना विचारले. जोर्वे काळातले लोक लहान मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली अशाच मडक्यांत करत. मामा काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, माती काढताना मडकी निघाल्याचे दादा सांगायचे. लोकांनी धन असेल म्हणून फोडली आणि आत नुसती माती निघाली.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येकाला सांगते. दगडावर घडाईच्या खुणा दिसल्या की त्याच क्षणी कठीणपणाच्या कसोट्या थांबवायच्या. चाकू नाही, ॲसिड नाही, कुंचल्याने घासणेही नाही. विळ्यात बसवलेल्या पात्याच्या धारेवर गवत-धान्य कापून आलेली चकाकी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. धार घासून स्वच्छ केली की त्या पात्याने काय कापले हे कायमचे पुसले जाते. वस्तू कागदात वेगवेगळी गुंडाळायची आणि कागदावर जागा लिहायची. कायद्याची बाजूही त्यांनी समजावली: १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे माणसाने घडवलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मामेभावाने बाजारभावाचा विषय त्यानंतर काढला नाही. बाजाराच्या दृष्टीने तर तो एक सामान्य प्रतीचा, पैलू न पाडलेला गारगोटीचा तुकडा आहे.

गाभा आता अभ्यासासाठी त्यांच्याकडे आहे. त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर सापडल्याची जागा म्हणून मामांच्या शेताचा गट नंबर आहे, आणि त्याखाली मूळ जागा म्हणून गावची पांढरी, ओढ्याकडची बाजू, असे लिहून कंसात 'शेतमालकाच्या सांगण्यावरून' अशी नोंद आहे. टेकाडाच्या उरलेल्या भागाची पाहणी व्हावी म्हणून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला द्यायचा अर्ज मामांनी ग्रामपंचायतीत मांडला आहे. त्या जागेचा सातबारा तीन भावांच्या नावावर असल्याने तिघांच्या सह्या लागतील. दोन झाल्या आहेत. तिसरे भाऊ सुरतेला असतात, ते दिवाळीला येतील.